पाळीव कुत्र्यांचा दीर्घकालीन पोटविकार : कारणशोधाची पद्धती आणि पनवेल परिसर

प्रस्तावना :

महाभारताच्या आदिपर्वात देवांची कुत्री सरमा हिची कथा येते. जनमेजयाच्या यज्ञस्थळी गेलेल्या तिच्या पिल्लाला राजाच्या भावांनी मारले. पिल्लाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. निरपराध पिल्लाला मारल्याबद्दल सरमेने जाब विचारला, उत्तर मिळाले नाही, तेव्हा तिने शाप दिला. आज घरोघरी पाळल्या जाणाऱ्या कुत्र्याला मार बसत नसेल, परंतु त्याचे पोट बिघडले की त्याच्यावर पहिला आरोप तोच होतो : ‘काहीतरी खाल्ले असेल.’ एखाद्या दिवसाच्या उलटीपुरता हा तर्क बहुधा बरोबरही ठरतो. मात्र तीच उलटी, तोच पातळ शौच महिनोन्महिने पुन्हा पुन्हा होऊ लागतो, कुत्र्याच्या बरगड्या दिसू लागतात आणि तरीही घरात उत्तर तेच राहते, तेव्हा हा तर्क शोधाला अडसर ठरतो.

पनवेल येथे १८५२ साली नगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. जुन्या गावठाणातील वाडे, तलाव आणि मासळी बाजार यांच्या भोवती नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर अशा वसाहती उभ्या राहिल्या. अंगणात राखणीला असलेला कुत्रा या स्थित्यंतरात सदनिकेत आला. तो घरातल्यांच्या ताटातले खातो, त्यांच्या पलंगाशेजारी झोपतो, आणि दिवसातून दोनदा दोरी लावून त्याला ज्या मोकळ्या जागेत नेले जाते त्याच जागेत आसपासचे सर्व पाळीव व भटके कुत्रे येत असतात. त्याच्या आजाराचे स्वरूप त्यामुळे पूर्णपणे घरातलेही नसते आणि पूर्णपणे बाहेरचेही नसते. प्रस्तुत लेखात अशा कुत्र्याच्या दीर्घकालीन पोटविकाराचे कारण कोणत्या क्रमाने शोधावे, आणि तो क्रम बिघडल्यास कारण कसे हातातून निसटते, याचा विचार केला आहे.

आजाराचे स्वरूप ओळखणे :

पशुवैद्यकशास्त्रात साधारणपणे तीन आठवड्यांहून अधिक काळ चाललेल्या किंवा त्या अवधीत वारंवार उलटणाऱ्या पचनाच्या तक्रारीस दीर्घकालीन मानले जाते. ही मर्यादा व्यवहारातून आलेली आहे. कुत्र्याच्या बहुतेक तात्कालिक तक्रारी काही दिवसांत आपोआप थांबतात, मग औषध दिले असो वा नसो. तीन आठवड्यांनंतरही जी तक्रार टिकते तिच्यामागे टिकून राहणारे कारण असते.

पहिला प्रश्न अगदी प्राथमिक वाटेल असा आहे : कुत्र्याला खरोखर उलटी होते काय? उलटीपूर्वी कुत्रा अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओठ चाटतो, पोटाचे स्नायू आवळून उमासे देतो आणि मग अर्धवट पचलेले अन्न किंवा पिवळे पित्त बाहेर टाकतो. याउलट काही वेळा कोणताही प्रयत्न न करता मान खाली घालताच न पचलेले अन्न जसेच्या तसे, पुष्कळदा नळीच्या आकारात बाहेर पडते. ही उलटी नव्हे. दोष येथे जठरात किंवा आतड्यात नसून अन्ननलिकेत असतो. भारतात कुत्र्यांत आढळणारा ‘स्पायरोसर्का ल्युपी’ हा कृमी अन्ननलिकेच्या भिंतीत गाठी तयार करतो आणि अन्न अशा रीतीने परत येऊ लागते. शेणकिडे किंवा शेणकिडे खाल्लेले पाल, उंदीर यांसारखे प्राणी खाल्ल्याने तो कुत्र्याच्या शरीरात शिरतो. पनवेलच्या आसपासच्या गावांत गुरांचे शेण आणि मोकळा फिरणारा कुत्रा या दोन्ही गोष्टी एकत्र असल्याने ही शक्यता विसरून चालत नाही. उलटी समजून अशा कुत्र्याच्या जठरावर महिनाभर उपचार होत राहिले, तर गाठीला वाढण्यास तेवढा काळ मोकळा मिळतो.

दुसरा प्रश्न शौचाचा. लहान आतड्यात बिघाड असेल तर शौचाचे प्रमाण मोठे, वेळा थोड्याच वाढलेल्या, आणि वजन घटत जाते. रक्त आलेच तर ते पचून काळे, डांबरासारखे दिसते. मोठ्या आतड्याचा बिघाड असेल तर कुत्रा दिवसातून सहा-आठ वेळा बसतो, कुंथतो, प्रत्येक वेळी थोडेसेच होते, त्यात आव आणि ताजे लाल रक्त असते, पण वजन बहुधा टिकून राहते. लाल रक्त पाहून घरातली माणसे घाबरतात आणि वजनातील घट मात्र दाट केसांखाली लपून जाते. धोक्याचा क्रम पुष्कळदा याच्या उलट असतो.

नोंदवहीचे महत्त्व :

कुत्रा बोलत नाही, त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास हा सर्वस्वी पाळणाऱ्याच्या स्मरणावर अवलंबून असतो आणि स्मरण ही फारशी विश्वासार्ह गोष्ट नाही. ‘दोन-तीन महिने झाले’, ‘अधूनमधून होते’, ‘खातो तसे बरे’ अशा उत्तरांवरून पशुवैद्यकाला दिशा मिळत नाही. २००३ साली कुत्र्यांच्या आतड्याच्या दाहाची तीव्रता मोजण्यासाठी एक गुणपद्धती मांडण्यात आली. तिच्यात चपळपणा, भूक, उलट्या, शौचाचा घट्टपणा, शौचाच्या वेळा आणि वजनातील घट अशी सहा लक्षणे असून प्रत्येकास शून्य ते तीन गुण दिले जातात. लक्षणांची ही यादी पाहिली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते : सहाही लक्षणे घरी पाहता येतात. त्यांसाठी प्रयोगशाळा लागत नाही, वही आणि वजनकाटा पुरतो. मोठ्या कुत्र्याला काट्यावर उभे करणे कठीण जाते. त्याला उचलून घेऊन स्वतःचे वजन वजा केले की काम भागते.

या वहीत खाण्याची नोंद सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अप्रामाणिक असते. आजी सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटे देते, मुले शाळेतून आल्यावर पोळीचा तुकडा टाकतात, रखवालदार कोंबडीची हाडे राखून ठेवतो, आणि पशुवैद्यकाला मात्र ‘सकाळ-संध्याकाळ दूधभात’ एवढेच सांगितले जाते. कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येकाला आपण दिलेले मोजण्याइतके वाटत नाही इतकेच.

पनवेलचे वर्षचक्र :

रोगाचे कारण शोधताना स्थळ आणि ऋतू यांचा विचार प्रथम करावा हे वैद्यकातील जुने तत्त्व आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ओली, सावलीतली, उबदार माती ही अंकुशकृमीच्या अळ्यांना सर्वांत मानवणारी. हा कृमी लहान आतड्याच्या आतील आवरणाला दातांनी पकडून रक्त पितो, जागा बदलतो, आणि सोडलेल्या जागेतून रक्त झिरपत राहते. त्याच्या अळ्या तोंडावाटे जातात तशा पंजाच्या त्वचेतूनही शरीरात शिरतात. मानवी अंकुशकृमीच्या बाबतीत हा त्वचेचा मार्ग १८९८ साली कैरो येथे आर्थर लूस यांच्या ध्यानात आला, तोही अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब चुकून त्यांच्या हातावर सांडल्यामुळे. कुत्रीच्या दुधातून त्या पिल्लांनाही मिळतात. म्हणजे ‘आमचा कुत्रा बाहेरचे काही खात नाही’ हे विधान खरे असले तरी जंतांच्या बाबतीत त्याला काही अर्थ उरत नाही.

जंतांचे औषध एकदा दिले म्हणजे प्रश्न मिटला हा समजही तितकाच अपुरा. काही अळ्या स्नायूंत सुप्तावस्थेत दडून राहतात. आतड्यातील प्रौढ कृमी औषधाने मेले की त्यांतील काही पुन्हा आतड्याकडे येतात. म्हणून ठराविक अंतराने औषधाची पुनरावृत्ती आणि त्यानंतर पुन्हा विष्ठेची तपासणी आवश्यक ठरते. हा विषय कुत्र्यापुरता मर्यादितही नाही. अळ्या मुलांच्या उघड्या पायांच्या त्वचेत शिरून नागमोडी, खाजणारी रेघ उमटवतात, आणि आशियात आढळणारी अंकुशकृमीची एक जाती तर माणसाच्या आतड्यातही वाढते. संकुलातील वाळूत मुले आणि कुत्रे दोघेही खेळत असतील, तर कुत्र्याच्या पोटाचा प्रश्न हा शेजाऱ्यांचाही प्रश्न होतो.

कोकणचे वर्षचक्र आणखी काही कारणे हातात ठेवते. मे महिन्यात आंब्याच्या कोयी आणि पावसाळ्यात रस्त्याकडेला भाजून विकल्या जाणाऱ्या मक्याची कणसे. चघळून टाकलेले बुरकुंड किंवा रसाचा वास असलेली कोय कुत्रा गिळतो. ती वस्तू आतड्यात पूर्ण अडकली तर काही तासांत गंभीर स्थिती होते आणि निदानही लवकर होते. परंतु ती जठरातच इकडून तिकडे हलत राहिली, तर दोन दिवस उलट्या, चार दिवस बरे, पुन्हा उलट्या असा खेळ आठवडेच्या आठवडे चालतो. क्ष-किरण चित्रात अशी वनस्पतिजन्य वस्तू धातूसारखी किंवा हाडासारखी ठळक उमटत नाही, त्यामुळे ‘एक्स-रेमध्ये काही नाही’ या वाक्याने समाधान मानता येत नाही. सोनोग्राफीत ती सापडण्याची शक्यता अधिक असते.

गोचीड हे तिसरे कारण. तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत, पलंगाखाली वर्षभर राहते आणि कुत्र्याच्या रक्तात एर्लिकियासारखे सूक्ष्म जंतू सोडते. ताप, भूक मंदावणे, उलट्या, रक्तातील प्लेटलेट घटणे ही या आजाराची लक्षणे. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या कुत्र्याचे खरे दुखणे रक्तात असू शकते, आणि ते तेथे शोधल्याशिवाय सापडत नाही.

पनवेलमध्ये आणखी एक उत्तर लगेच पुढे येते, ते म्हणजे कारखान्यांचे पाणी. त्याला पार्श्वभूमी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या पडलेल्या भटक्या कुत्र्यांची छायाचित्रे देशभर गाजली. कारखान्यातील रंगद्रव्य त्यांच्या केसांना लागले होते. कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला आणि तो गंभीर आहे यात शंका नाही. तथापि खांदा कॉलनीतील चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, नळाचे पाणी पिणाऱ्या कुत्र्याच्या चार महिन्यांच्या हगवणीला त्या नदीचे पाणी जबाबदार धरणे म्हणजे जवळचे सोडून दूरचे पाहणे होय. पाण्याचा संशय घ्यायचाच तर तो उन्हाळ्यातील टँकर, गच्चीवरील न धुतलेली टाकी आणि फिरताना कुत्रा ज्या डबक्याला तोंड लावतो ते डबके यांचा प्रथम घ्यावा. जिआर्डिया या एकपेशीय परजीवीची कवचबद्ध अवस्था अशा पाण्यात टिकते, आणि पिण्याच्या पाण्यात घातल्या जाणाऱ्या क्लोरीनला ती सहजासहजी दाद देत नाही. पाणी उकळल्यास मात्र ती मरते.

औषधांनी पुसले जाणारे पुरावे :

कारणशोध अयशस्वी होतो तो बहुधा तपासण्यांच्या अभावी नव्हे, तर तपासणीपूर्वी दिलेल्या औषधांमुळे. ही गोष्ट एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. चार वर्षांचा एक लॅब्राडॉर आहे असे मानू. नेहमीचा आहार चिकन-भात. जुलैमध्ये पातळ शौच सुरू झाले. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि ‘पोटाला हलके’ म्हणून पाच दिवस दहीभात दिला; शौच घट्ट झाले. पुन्हा चिकन-भात सुरू झाला आणि दहा दिवसांत तक्रार परतली. पुन्हा त्याच गोळ्या, पुन्हा दहीभात, पुन्हा आराम. ऑक्टोबरपर्यंत अशा चार फेऱ्या झाल्या. तीस किलोचा कुत्रा सव्वीस किलोवर आला. घरात निष्कर्ष निघाला की, या गोळीनेच याला बरे वाटते, फक्त ती कायम चालू ठेवायला हवी.

येथे दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या गेल्या आणि श्रेय एकीलाच मिळाले. गोळी चालू झाली त्याच दिवशी चिकन बंद झाले होते. आराम कशाने पडला हे या चार फेऱ्यांतून ठरवता येत नाही. पाचव्या आणि सहाव्या फेरीतूनही येणार नाही. यासाठी केवळ गोळी न देता दहीभात, किंवा आहार न बदलता गोळी, यांपैकी एक करून पाहावे लागते. या दोहोंत पहिला मार्गच श्रेयस्कर, कारण आहार बदलल्याने अपाय होण्याची भीती फारच थोडी. उलट २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी कुत्र्यांना मेट्रोनिडाझोल दिले असता त्यांच्या आतड्यातील उपयुक्त जीवाणूंची घडी विस्कटली आणि औषध थांबवून चार आठवडे उलटल्यावरही काही कुत्र्यांत ती पूर्ववत झाली नव्हती. ज्या औषधाने पोट सुधारावे अशी अपेक्षा, त्याच्या वारंवार वापराने पोट अधिक नाजूक होण्याचा संभव आहे. शिवाय हे औषध जिआर्डियाला काही अंशी दाबते, पण प्रत्येक वेळी समूळ काढत नाही. मधल्या काळात विष्ठा तपासली तर ‘परजीवी आढळले नाहीत’ असा अहवाल येतो आणि शोध चुकीच्या वाटेला लागतो.

स्टेरॉइड औषधांची कथा याहून गंभीर आहे. प्रेडनिसोलोनने आतड्याची सूज उतरते, भूक वाढते, कुत्रा दोन दिवसांत ताजातवाना दिसतो. परंतु आतड्याचा कर्करोग असल्यास त्याचेही चित्र या औषधाने तात्पुरते पुसट होते आणि नंतर काढलेल्या ऊतीच्या तुकड्यावरून निदान करणे अवघड जाते. अधिवृक्क ग्रंथीच्या तपासणीतही हे औषध घोटाळा करते. गोचीडतापासाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन स्वतःच उलट्या घडवू शकते, विशेषतः गोळी पाण्याशिवाय कोरडी गिळवली आणि ती अन्ननलिकेत चिकटून राहिली तर. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातल्यांच्या डब्यातील वेदनाशामक गोळी देण्याची पद्धत तर जठरात व्रण करणारी आणि कधी प्राणघातक आहे. म्हणून चालू असलेल्या व नुकत्याच बंद केलेल्या सर्व औषधांची नावे, अगदी काढे आणि चूर्णेसुद्धा, पहिल्याच भेटीत सांगणे हे कोणत्याही महागड्या तपासणीइतके उपयुक्त ठरते.

तपासण्यांचा क्रम :

विष्ठेची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित आहे. एकाच नमुन्यावर विसंबणे योग्य नव्हे. जिआर्डियाचे उत्सर्जन सलग होत नाही. आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे. त्यामुळे तीन ते पाच दिवसांच्या काळात तीन नमुने तपासावेत अशी शिफारस केली जाते. नमुना ताजा असावा, आणि त्यात माती किंवा गवत मिसळलेले नसावे. वरील उदाहरणातील लॅब्राडॉरच्या दुसऱ्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी सापडली असे समजू. जंतांच्या उपचाराने त्याच्या रक्ताचे प्रमाण सुधारेल, काळसर शौच थांबेल. पण शौच पुन्हा पातळ झाला तर काय? तर कारण एकच असते हा आग्रह सोडावा लागतो. पनवेलच्या पावसाळ्यात एका कुत्र्याच्या पोटात दोन कारणे सुखाने एकत्र नांदू शकतात.

रक्ततपासणीत पेशींची गणना, यकृत व मूत्रपिंडाची कार्यक्षमता, रक्तातील अल्ब्युमिन आणि सोडियम-पोटॅशियम यांचे प्रमाण पाहिले जाते. यांतील अल्ब्युमिनकडे विशेष लक्ष द्यावे. आतड्याच्या भिंतीतून प्रथिने गळू लागली की ते घसरते. ते प्रति डेसिलिटर दोन ग्रॅमच्या खाली गेल्यास आजार गंभीर समजला जातो आणि सावकाश चाचण्या करत बसण्यास वेळ उरत नाही. सोडियमच्या तुलनेत पोटॅशियम वाढलेले असेल तर अधिवृक्क ग्रंथी मंदावल्याचा संशय येतो. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली माणसात वर्णन केलेला हा विकार कुत्र्यातही होतो आणि तो पोटविकाराचे सोंग इतके बेमालूम घेतो की, उलट्या, जुलाब, सलाईन, दोन दिवस आराम आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच, अशी वर्षे निघून जातात. काही कुत्र्यांत सोडियम-पोटॅशियमही बिघडत नाही. रक्तातील कॉर्टिसोल मोजल्यास हा विकार नसल्याची खात्री बहुधा करता येते; कॉर्टिसोल कमी आढळल्यास पुढील उत्तेजनचाचणी करावी लागते. याचे निदान झाले तर कुत्रा औषधांवर पूर्ण आयुष्य जगू शकतो. न झाले तर एखाद्या प्रवासाच्या किंवा फटाक्यांच्या ताणाने तो अचानक कोसळतो.

जर्मन शेफर्ड जातीबाबत एक विकार आवर्जून आठवावा लागतो. कुत्रा अधाशासारखा खातो, स्वतःची विष्ठासुद्धा खातो, तरीही सांगाडा होत जातो आणि शौच भरपूर, फिकट, तेलकट होते. त्याच्या स्वादुपिंडातून पाचक रसच येत नसतो. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील ट्रिप्सिनसदृश घटकाच्या मोजणीने निदान होते आणि जेवणात पाचक विकरांची पूड मिसळल्यावर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. अशा कुत्र्याला ‘जंत झालेत’ म्हणून दर महिन्याला औषध पाजले जात असल्याची कल्पना करणे कठीण नाही.

आहारचाचणी :

परजीवी, गोचीडताप, ग्रंथींचे विकार आणि अडकलेली वस्तू या शक्यता वगळल्यानंतर जो कुत्रा उरतो त्याच्यासाठी सर्वांत प्रभावी तपासणी ही स्वयंपाकघरात होते. अशा दीर्घकालीन आतड्याच्या विकाराच्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्मे, काही अभ्यासांनुसार त्याहूनही अधिक, केवळ आहार बदलल्याने सुधारतात. पचनक्रियेविषयीचे आपले मूलभूत ज्ञानच कुत्र्याच्या आहारातून आलेले आहे. इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते घंटीच्या प्रयोगासाठी नव्हे, तर कुत्र्यांवरील पचनसंशोधनासाठी.

आहारचाचणीचे तत्त्व सोपे आहे. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्ट पदार्थ निवडून त्याखेरीज काहीही द्यायचे नाही. आयुष्यभर चिकन-भात खाल्लेल्या कुत्र्याला काटे काढून उकडलेली मासळी आणि बटाटा देता येईल. पनवेलच्या बाजारात मासळी दुर्मीळ नाही. सुकी मासळी मात्र मिठामुळे वर्ज्य. मांसाहार न शिजवणाऱ्या घरातील, दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याला अंडे कधीच मिळाले नसेल तर अंडे आणि भात हा पर्याय असू शकतो. कांदा आणि लसूण कोणत्याही रूपात नको, त्याने रक्तपेशी फुटतात. ज्यांना शिजवणे शक्य नाही त्यांच्यासाठी प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेले तयार खाद्य उपलब्ध असते, ते महाग असले तरी. घरगुती आहार दीर्घकाळ द्यायचा झाल्यास त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घालावी लागते.

भात-पोळी हाच दोषी, कुत्रा हा मांसाहारी प्राणी, असा एक विचार अलीकडे पसरला आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टपचन करणाऱ्या जनुकाच्या प्रती कित्येक पटींनी वाढल्या आहेत. माणसाच्या शेतीबरोबर कुत्र्याचे पोटही बदलले. तेव्हा भाकरीला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. दुधाचे तसे नाही. अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्करा पचत नाही आणि ‘दूधभात म्हणजे सात्त्विक’ या कल्पनेपोटी त्यांची हगवण चालू राहते.

पोटाच्या तक्रारीत या चाचणीचा परिणाम बहुधा दोन ते तीन आठवड्यांत दिसतो. तोवर घरातील शिस्त टिकत नाही, हीच खरी अडचण. एक बिस्किट, मांसाच्या चवीची एक जंतनाशक गोळी, शेजाऱ्याने कौतुकाने दिलेला तुकडा, आणि चाचणीचे उत्तर संदिग्ध होते. सुधारणा दिसल्यानंतरची पायरी तर जवळजवळ कोणीच चढत नाही : जुना आहार मुद्दाम पुन्हा देऊन पाहणे. बरा झालेला कुत्रा पुन्हा आजारी पाडायला मन धजत नाही हे स्वाभाविक आहे. पण त्याशिवाय आराम आहाराने पडला की काळाने, हे कळत नाही. आपल्या लॅब्राडॉरला मासळी-बटाट्यावर तीन आठवडे घट्ट शौच होत असेल आणि चिकन पुन्हा दिल्यावर काही दिवसांत तो पातळ होऊन, चिकन थांबवताच पुन्हा सावरत असेल, तर कारण सापडले असे म्हणता येते. जुलै ते ऑक्टोबर या चार फेऱ्यांत हेच घडत होते, फक्त गोळीच्या आड.

उरलेले रुग्ण :

या सर्व पायऱ्यांनंतरही ज्यांचे कारण उलगडत नाही असे थोडे कुत्रे उरतात. त्यांच्यासाठी दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेने आतड्याच्या भिंतीचा तुकडा काढून तपासावा लागतो. आतड्याचा जुनाट दाह, लसिकावाहिन्यांचा विस्तार आणि लिंफोमा हा कर्करोग बाहेरून एकसारखेच दिसतात, पण त्यांचे उपचार आणि भवितव्य अगदी भिन्न असते. अशा कुत्र्याला तपासणीसाठी मुंबई गाठावी लागण्याची शक्यता असते. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले आणि आता नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच त्याच परिसरातील बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय, ही या क्षेत्रातील शतकाहून जुनी केंद्रे आहेत. पनवेलहून अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू सुरू झाल्यापासून स्वतःचे वाहन असणाऱ्यांना आणखी एक मार्ग मिळाला आहे; भुलीसाठी बारा तास उपाशी ठेवलेल्या आजारी जनावराच्या दृष्टीने प्रवासाचा कमी झालेला प्रत्येक तास मोलाचा आहे.

अशा प्रवासाला निघताना वजनाच्या तारखांसह नोंदवही, आधीचे सर्व अहवाल, दिलेल्या औषधांची वेष्टने आणि त्याच सकाळच्या विष्ठेचा झाकणबंद नमुना सोबत असावा. स्टेरॉइड चालू असल्यास ते मनाने अचानक थांबवू नये, ते कधी आणि कसे कमी करायचे हे आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. अल्ब्युमिन फार घटलेल्या कुत्र्यात आतड्याच्या टाक्यांची जखम भरून येण्यास अडचण येते. त्याच्यासाठी शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीचा मार्ग पसंत केला जातो, आणि तुकडे जठर व लहान आतडे अशा एकाहून अधिक ठिकाणांहून घेतले जातात, कारण रोग सर्वत्र सारखा पसरलेला नसतो.